नवतपा, वैताग अन् अंगावर काढलेली दुखणी: कुरकुरीचा धागा

निंबाचापार
नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला. रात्री लाईन नाही म्हणून कूलर बंद, दिवसा लाईन आहे तर कूलरात टाकायला पाणी नाही. पीककर्जाचं नवंजुनं करायला बँकेसमोर रांग, बियाण्याच्या दुकानात वेगळीच रांग. घरी एकाची कंबर, दुसऱ्याची शुगर, तिसऱ्याचं "काही नाही, असंच मन लागत नाही".

हा धागा कुरकुरायलाच आहे, मनसोक्त कुरकुरा. अट एकच. "बरं वाटत नाही" एवढ्यावर सोडू नका. कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त, झोप किती तास, जेवण किती, कोणत्या गोळ्या सुरू आहेत हे लिहा, म्हणजे समोरच्याला काही सांगता येईल. आणि "पॉझिटिव्ह विचार करा" असा सल्ला देणाऱ्यानं आधी दुपारी दोन वाजता टिनाच्या खोलीत अर्धा तास बसून दाखवावं.

पऱ्हाटीच्यातुराट्या
माझी कुरकुर सलाईनवर. गावागावात हेच सुरू आहे. बाई म्हणते, गळून गेल्यासारखं वाटते, कामात मन नाही, लेकरावर उगाच खेकसणं होते. की लगेच लावली बाटली. पाचशे-सातशे रुपये गेले. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. कावून लावतात बाप्पा हे?

गोळीचिठ्ठी
हिशेब मांडतो. ५ टक्क्यांची ग्लुकोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे त्यात २५ ग्रॅम साखर. चहाचे पाच-सहा चमचे. साध्या सलाईनच्या ५०० मिलीत साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. अर्ध्या-पाऊण भाकरीत याहून जास्त ताकद असते. दोन दिवस बरं वाटते ते अंगात पाणी गेल्यानं, दोन तास पंख्याखाली आडवं पडल्यानं, आणि घरच्यांनी तेवढा वेळ काम सांगितलं नाही म्हणून. हे तिसरं कारण मी गमतीनं लिहीत नाही.

उलट्या थांबत नसतील, माणूस शुद्धीत नसेल, तोंडानं पाणी जात नसेल तर सलाईन पाहिजेच. नाहीतर ओआरएस. पण तेही नीट करा. मोठी पुडी अख्खी, १ लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धी पुडी अंदाजानं एका ग्लासात टाकली की मीठ जास्त होते, लेकराला तर ते घातक. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. पुडी नसेल तर १ लिटरमध्ये साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ डोळ्यातल्या आसवापेक्षा खारट लागलं तर ते पाणी फेकून नवीन करा.

उपकेंद्राचीपायरी
सलाईनपेक्षा आधी रक्त तपासा. "मन लागत नाही, थकवा, चिडचिड, विसरायला होते" या तक्रारीमागं शरीराचं कारण निघणं आपल्याकडं फार कॉमन आहे. तपासायची यादी लहान आहे.

हिमोग्लोबिन: बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ही तपासणी उपकेंद्रातच होते.
थायरॉईड, म्हणजे टीएसएच: वजन वाढते, थंडी जास्त वाजते, पाळी अंगावर जास्त जाते, आवाज घोगरा होतो, सोबत उदासी. हे सगळं एकत्र दिसलं तर नक्की करा.
शुगर: रात्री तीन-चारदा लघवीला उठणाऱ्याची झोप होतच नाही. मग दिवसा चिडचिड होणार नाही तर काय.
बी-१२: पूर्ण शाकाहारी माणूस, किंवा शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणारा. तळपायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा. मेटफॉर्मिननं बी-१२ कमी होऊ शकते हे रुग्णाला कोणी सांगतच नाही.

आता गोळ्या कुठं वाया जातात ते. लोहाची लाल गोळी चहासोबत घेतली तर निम्मं लोह अंगी लागत नाही. चहा-दूध तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या. संडास काळी होते, घाबरून बंद करू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, थोडं कमी लागेल पण गोळी सुटणार नाही. थायरॉईडची गोळी उलट: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह किंवा कॅल्शियम तिच्यानंतर ४ तासांनी. तिन्ही गोळ्या एकाच मुठीत गिळणारे घराघरात आहेत, आणि मग "औषध लागू पडत नाही".

झाडीपट्टी
वरच्या यादीत आमच्या भागासाठी एक भर. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडं सिकलसेल आहे, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. लोहाची गोळी सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली का ते विचारा. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. त्यात कळते की माणूस वाहक आहे की रुग्ण. रुग्णाचं रक्त कमी असते ते लोहाअभावी नाही, रक्तपेशी लवकर फुटतात म्हणून. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह उलट साठलेलं असते. त्याला रोज लागते फॉलिक ॲसिड. लोह तपासून, कमी असेल तरच.

दुसरी गोष्ट डॉक्टरच्याही नजरेतून सुटते. सिकलसेलच्या रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, भरवशाची नसते. पेशीच कमी दिवस जगते तर सरासरी कमी दिसणारच. वाहकातही मशीनच्या पद्धतीप्रमाणं आकडा चुकू शकतो. अशांनी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरवर चालावं.

आणि मनाचं म्हणाल तर, अंग ठणकण्याचा झटका बाहेरून दिसत नाही. पोरगं शाळेत गेलं नाही की "सोंग करते" ऐकून घेते. उन्ह, पाणी कमी पिणं, ताप, अतिश्रम, थंड पाण्यात एकदम उतरणं, यानं झटका येतो. शाळेत पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या आणि लघवीला जाऊ द्या, एवढं लेखी मागा. ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं यात घरी थांबायचं नाही. हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल तर ती झटक्यावरची गोळी नाही. रोज घ्यायची, फरक दिसायला महिने लागतात, अधूनमधून रक्ताच्या पेशी मोजाव्या लागतात. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, दाखल्यासाठी अर्ज करता येतो.

रातचंओलित
माझी कुरकुर महावितरणवर, पण ते पुराण इथं लावत नाही. झोपेचं लिहितो. वरूड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागा जगवायच्या तर लाईन येईल तेव्हा ओलित. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. शरीराला कळत नाही दिवस कोणता. चार-पाच रात्रीतच डोकं भणभणते, घरी भांडणं सुरू होतात, आणि लोक म्हणतात याचा स्वभावच बिघडला.

रात्रपाळीच्या आठवड्यात काय करावं:
ओलिताला जाण्याआधी संध्याकाळी दीड तास झोप. पूर्ण नाही, दीडच.
चहा मध्यरात्रीपर्यंतच. चहाचा अंमल अर्ध्यावर यायला पाच-सहा तास लागतात. पहाटे चारला धुऱ्यावर घेतलेला चहा सकाळी आठला झोपू देत नाही.
घरी परतताना उन्ह डोळ्यावर घेऊ नका. दुपट्टा, टोपी, काहीही. सकाळचा उजेड मेंदूला "दिवस झाला" सांगतो.
सलग चार तास झोप आणि दुपारी दोन तास. चार अधिक दोन चालते. तुकड्यातुकड्यात अर्धा-अर्धा तास आठ वेळा नाही चालत.
मोबाईल बंद, आणि घरच्यांनी त्या वेळी उठवायचं नाही. बँकेचा फोन आला तरी.

दिवसपाळी आली की पहिल्या दिवशी कितीही झोप आली तरी संध्याकाळी झोपू नका, रात्री नऊलाच पडा. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

पऱ्हाटीच्यातुराट्या
"घरच्यांनी उठवायचं नाही" हे बरोबर आहे भाऊ. पण घरचीनं कधी झोपायचं ते नाही लिहिलं. ती पहाटे पाणी भरायला उठतेच, वावरात जातेच, रात्री डबा करून देतेच. तिची झोप मोजा कधी. पाच तास निघते.

रातचंओलित
मान्य. आठवड्यातले दोन दिवस डबा आदल्या संध्याकाळचा चालते. ज्वारीची भाकर अन् चटणी रात्रभर काही होत नाही. भाजी मात्र या गर्मीत नको.

गोळीचिठ्ठी
ऋतूचं निघालं म्हणून एक गोष्ट ठळक लिहितो, नवतप्यात याचे रुग्ण येतात.

मनाच्या आजारावर लिथियम सुरू असेल तर उन्हाळ्यात सांभाळा. घामानं पाणी-मीठ गेलं, वर उलटी-हगवण झाली की रक्तातलं लिथियम वाढते. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलटी, पातळ संडास ही खूण. "आजार उलटला" समजून बाबाकडं नेऊ नका. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना, आणि लिथियमची पातळी तपासा. एरवीची नेहमीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देऊन करतात. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा खोटा वाढलेला येतो.

त्यातच कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर लिथियम आणखी वाढते. बीपीच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः लघवी वाढवणाऱ्यांनी. दुकानात गोळी मागताना "लिथियम सुरू आहे" हे तीन शब्द बोला.

मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी हातपाय कडक होऊ नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल घाम कमी करते. घाम नाही तर अंग थंड होणार कसं? अशा माणसाला दुपारी १२ ते ४ वावरात पाठवू नका. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, उन्हातून बाजूला करा.

बीपीवाल्यांचं: उन्हाळ्यात बीपी तसंही उतरते. उठताना डोळ्यापुढं अंधारी येत असेल तर आधी मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नाही, लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही. एक मिनिटानं दुसऱ्यांदा. बाजारातून चालत येऊन, उभ्या-उभ्या मोजलेला आकडा कागदावर लिहू नका.

सांबारवडी
चिडचिडीत खर्रा आला नाही अजून, आश्चर्य आहे. :)
डोकं शांत करायला खातात म्हणे. खरं काय होते: तंबाखूचा अंमल दोन तासांत अर्ध्यावर येतो, अंग परत मागते, चिडचिड होते, परत खर्रा, चिडचिड गेली. म्हणजे त्याच्यानं आलेली चिडचिड तोच घालवून राहिला. हे टेन्शनवरचं औषध नाही, वसुली आहे.

सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. झोप मोडते, भूक वाढते, माणूस अंगावर येते. दोन ते चार आठवड्यांत निवळते. तलफ एका वेळी काही मिनिटंच टिकते, तेवढ्या वेळात तोंडात लवंग, बडीशेप, भाजलेले फुटाणे. सुपारी नाही. "तंबाखू सोडला, नुसती सुपारी खातो" हे अर्धवट आहे, तोंड आखडते ते सुपारीनंच. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी जातात का पाहा. नसतील जात तर दातांच्या डॉक्टरला आताच दाखवा. निकोटीनची गोळी मिळते, ती च्युइंगमसारखी सतत चघळायची नसते. चव तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची. सुटका लाईन १८००-११-२३५६, फुकट आहे.

पेरणीच्या आठवड्यात सोडायला घेऊ नका. सोडाल, मग धराल, मग म्हणाल आपल्याच्यानं होत नाही.

दारूचं वेगळं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दिवशी हात कापतात, दुसऱ्या दिवशी झटके (फिट) येऊ शकतात, तिसऱ्या दिवशी माणूस भलतंच पाहते-बोलते. यात जीव जातो. त्याला खोलीत कोंडायचं नाही, ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. तिथं बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी दिलं जाते, क्रम महत्त्वाचा आहे.

वखराचीपास
सगळं बरोबर, पण तुम्ही सगळे उदासीला रक्त तपासणीत बसवून राहिले. हिमोग्लोबिन १३, थायरॉईड बरोबर, शुगर नाही, झोप मिळते तरी लागत नाही, अन् वावरात जायची इच्छा नाही. त्याचं काय? अन् उदासीवरची गोळी सुरू केली की जन्मभर, म्हणतात.

उपकेंद्राचीपायरी
बरोबर पकडलं. त्यालाच तर उदासीचा आजार, डिप्रेशन म्हणतात. रक्ताचे कागद नॉर्मल आले म्हणजे "काहीच झालं नाही" असा अर्थ होत नाही.

आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांचा जो कागद भरते, त्यात बीपी-शुगरच्या प्रश्नांसोबत मनाचेही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि मन उदास किती दिवस होतं. बहुतेक घरी हे दोन प्रश्न घाईत "नाही" करून पुढं सरकतात, किंवा सासूसमोर विचारतात. एकटीला विचारा. उत्तर जास्त दिवसांचं आलं तर सीएचओकडं (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी), तिथून मोठ्या नऊ प्रश्नांचा कागद. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झालं की डॉक्टरनं बघायचं.

गोळीबद्दल. आता जास्त दिल्या जातात त्या एसिटालोप्रॅमसारख्या. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, थोडी जास्तच घालमेल. लोक नेमकं तेव्हाच सोडतात. फरक दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतो, आधी झोप-भूक सुधारते, मन शेवटी. पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करत बंद. जन्मभर नाही, पण "बरं वाटलं, सोडली" हेही नाही. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या. म्हातारा माणूस उन्हाळ्यात ही गोळी घेताना एकाएकी गोंधळल्यासारखा वागला तर सोडियम तपासा.

जन्मभराची भीती ज्या गोळीची धरायला पाहिजे ती वेगळी. झोपेची म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली अल्प्राझोलाम. दोन-चार आठवड्यांत सवय लागते, रोज घेत असाल तर एकदम बंद केल्यावर झटकेही येतात. ती डॉक्टरच्या सल्ल्यानं पायरीपायरीनंच सोडायची.

कुठं जायचं: जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, औषध निःशुल्क आहे. मेडिकल कॉलेजचं दवाखान्याप्रमाणं वेगळं. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथं ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी येता येते. भरतीच करतात असं नाही. महिन्याच्या गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी निघा, पेरणीत गाडी सापडत नाही.

वखराचीपास
हे कोणी सांगितलं नव्हतं. आणखी एक विचारतो. गडी म्हणते, "आता काय ठेवलं जगण्यात". नुसतं तोंडचं असते का हे?

उपकेंद्राचीपायरी
तोंडचं आहे असं धरून चालू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येते का?" विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होते. "हो" म्हटलं तर वाद घालू नका, लेकराबाळांची शपथ घालू नका. एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून आजच हलवा, दुसऱ्याच्या घरी किंवा कुलपात, किल्ली तिसऱ्याकडं. हा झटका बरेचदा काही तासांचा असतो, तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानंच माणसं वाचतात.

टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनलाईन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, फुकट. घरचा माणूसही लावू शकतो, काय बोलायचं ते विचारायला. धोका समोर दिसत असेल तर १०८. पोलिस केस होईल या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसावर ताण होता असंच गृहीत धरायचं आणि शिक्षा करायची नाही, असं कलम ११५ आहे.

झाडीपट्टी
औषधं हलवायचा विषय निघाला तर एक. ती हलवताना पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मूळ डब्यात, चिठ्ठीसकट. अपघातानं कोणी प्यायलं तर डॉक्टरला पहिले तीच चिठ्ठी लागते.

आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की अंधुक दिसणं, तोंडाला लाळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक, छाती भरणं हे "उन्ह लागलं" नसते. यवतमाळला २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. कपडे काढा, साबणानं अंग अन् केस धुवा, उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, डबा सोबत घेऊन निघा.

सांबारवडी
अवांतर: लाईन जाते तेव्हा इन्सुलिनचं काय करता? फ्रीज असून नसल्यासारखा आहे.

गोळीचिठ्ठी
दोन मातीची मडकी, एक मोठं एक लहान. मधल्या फटीत रेती, रेतीवर दिवसातून दोनदा पाणी. लहान मडक्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत, वर ओलं फडकं. घराच्या उत्तरेला, वारा लागेल तिथं, चुलीपासून लांब. कोरड्या हवेत आत बरंच थंड राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो, ते लक्षात ठेवा.

फोडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, पण थंड जागी. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही, वितळलं तरी. पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधट इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर फेका. बाटलीवर फोडल्याची तारीख पेनानं लिहा, आठवणीवर ठेवू नका.

पऱ्हाटीच्यातुराट्या
मडकी आजच काढते. रेती नाल्यातली चालते की बांधकामाची?

गोळीचिठ्ठी
नाल्यातली, दोनदा धुऊन. माती राहिली तर चिखल होतो, पाणी झिरपत नाही.